चेक परत आला, आता दिवस मोजा

बँकेने न वटवता परत केलेल्या चेकला एक लहानसा छापील कागद जोडलेला असतो. त्याला रिटर्न मेमो म्हणतात. त्यावर चेकचा नंबर, रक्कम, तारीख आणि चेक का परत आला त्याचं कारण, एवढंच असतं. चेक देणाऱ्यावर आपण इतके चिडलेले असतो की हा कागद पासबुकात खुपसून ठेवतो आणि फोन लावायला घेतो. पुढे कोर्टात आपली फिर्याद उभी राहते की पहिल्याच पायरीवर कोसळते, हे मात्र बरेचदा याच कागदावर ठरतं. त्यात काय लिहिलंय हे महत्त्वाचं आहेच, पण चेक परत आल्याचं तुम्हाला कोणत्या दिवशी कळलं हे त्याहून महत्त्वाचं. मेमो घेताना त्यावर बँकेचा शिक्का आणि तारीख मागून घ्या. चेक परत गेल्याचा एसएमएस आधी आला असेल आणि मेमो चार दिवसांनी मिळाला असेल, तर दिवस एसएमएसपासूनच धरा. त्यात तुमचं काही जात नाही, आणि समोरच्या वकिलाला वाद घालायला जागा उरत नाही.

कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘फंड्स इनसफिशिएंट’ असतं, म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. कधी ‘एक्सीड्स अरेंजमेंट’, म्हणजे ओव्हरड्राफ्टची जी मर्यादा बँकेने ठरवून दिली तिच्यापलीकडची रक्कम. कायद्याच्या कलमात लिहिलेली कारणं एवढी दोनच. पण पैसे द्यायचे नसतील तर माणूस खातं बंद करू शकतो, बँकेला पेमेंट थांबवायला सांगू शकतो, मुद्दाम सही वेगळी करू शकतो. या पळवाटा सर्वोच्च न्यायालयाने एकेक करून बुजवल्या. पेमेंट थांबवणं १९९८मध्ये, खातं बंद असणं १९९९मध्ये आणि सही न जुळणं २०१२मध्ये या कलमाखाली आलं. मात्र चेकवर खाडाखोड आहे, आकड्यांतली आणि अक्षरांतली रक्कम जुळत नाही, मुदत उलटून गेली आहे, अशा कारणाने चेक परत आला तर त्यावर फौजदारी होत नाही. तिथे वेळ न घालवता दुसरा चेक मागावा.

ज्या कायद्याखाली हे सगळं चालतं तो निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट १८८१चा आहे. हुंडी, वचनचिठ्ठी आणि चेक यांचे व्यवहार कसे व्हावेत ते सांगणारा हा कायदा. शंभराहून अधिक वर्षं त्यात चेक न वटण्याला शिक्षा नव्हती. ज्याचा चेक परत आला त्याने दिवाणी दावा लावावा आणि वाट पाहावी, किंवा फसवणुकीची तक्रार करावी. फसवणूक सिद्ध करायची तर चेक देतानाच त्याच्या मनात बुडवायचं होतं हे दाखवावं लागतं, आणि मनातलं दाखवणं अवघड. अशा स्थितीत चेकवर विश्वास कोण ठेवणार? म्हणून १९८८मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९८९पासून कलम १३८ लागू झालं. आज वकिलांच्या तोंडी त्याचं नाव नुसतं ‘वन थर्टी एट’. सुरुवातीला शिक्षा एक वर्षापर्यंत होती. २००२च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांपर्यंत नेली. दंड चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत होऊ शकतो.

या कलमाचा स्वभाव नीट ओळखायला हवा. ते आहे फौजदारी, पण पोलीस यात गुन्हा नोंदवून तपास करत नाहीत, आणि गुन्हा जामीनपात्र आहे. ‘त्याला उचलून आत टाका’ असं सांगायला पोलीस ठाण्यात गेलात तर तुम्हाला कोर्टाचा रस्ता दाखवतील, आणि तो बरोबरच असेल. फिर्याद तुम्हीच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाखल करायची. तिचा खरा हेतू पैसे वसूल होणं हा आहे. तुरुंग मागे उभा केलेला धाक आहे. सर्वोच्च न्यायालयानेही हे पुन्हा पुन्हा म्हटलं आहे. माझं मत असं की फिर्यादीने हे सुरुवातीलाच मनाशी पक्कं करावं. समोरच्याला धडा शिकवायला निघालेला माणूस तडजोडीची चांगली संधी आली तरी हातची घालवतो आणि मग वर्षानुवर्षं तारखांना जात राहतो.

आता दिवसांकडे येऊ, कारण या कलमाचा जीव त्यातच आहे. नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे किंवा सांगलीत तासगावकडे द्राक्षाचा हंगाम ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र ओळखीचं असेल. व्यापारी बागेत येतो, सौदा ठरतो, माल खुडून गाड्या भरतात, थोडी रक्कम रोख मिळते आणि उरलेल्या रकमेचा चेक. समजा अशा एका बागायतदाराकडे १० मार्च तारखेचा ४ लाख ८० हजारांचा चेक आहे. तो चेक त्याने १२ मार्चला आपल्या बँकेत भरला आणि १६ मार्चला पैसे नाहीत म्हणून परत आला. चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने. पूर्वी ती सहा महिने होती. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२पासून ती तीनवर आणली.

चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायला हवी. १६ तारीख सोडून मोजलं तर शेवटचा दिवस १५ एप्रिल. नोटीस त्या तारखेपर्यंत पोस्टात पडली म्हणजे पुरे. समजा ती २ एप्रिलला पाठवली आणि व्यापाऱ्याला ६ एप्रिलला मिळाली. मिळाल्यापासून त्याला १५ दिवस पैसे देण्याची संधी आहे. ७ ते २१ एप्रिल हे दिवस त्याचे. या काळात त्याने पूर्ण रक्कम दिली तर विषय संपला, खटला होत नाही. न दिली तर २२ एप्रिलला फिर्यादीचं कारण निर्माण होतं आणि तिथून एका महिन्याच्या आत, म्हणजे २२ मेपर्यंत, फिर्याद दाखल व्हायला हवी. घाईने २० एप्रिललाच दाखल केली तर तीही चालत नाही. १५ दिवस उलटण्यापूर्वीची फिर्याद दखल घेण्याजोगी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये स्पष्ट केलं आहे.

यात एक फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फिर्यादीला उशीर झाला आणि त्याला सबळ कारण असलं तर कोर्ट तो माफ करू शकतं. ही सोय २००२च्या दुरुस्तीने आली. नोटिशीचा उशीर माफ करण्याची सोय कायद्यात कुठेच नाही. एकतिसाव्या दिवशी पाठवलेली नोटीस म्हणजे त्या मेमोवरचा खटला गेला. आणि नेमकं याच ३० दिवसांत चेक देणारा सर्वांत गोड बोलतो. “भाऊ, आडतीचे पैसे अडकलेत, सोमवारी नक्की करतो.” सोमवार जातो, मग “एवढा पाडवा होऊ द्या.” गावातलाच माणूस, नात्यातला, दर वर्षी माल घेणारा, नोटीस पाठवणं म्हणजे संबंध तोडणं, असं वाटून आपण थांबतो. बागायतदाराला मी एवढंच सांगेन की बोलणं चालू ठेवा, चहा घ्या, पण नोटीस विसाव्या दिवसाच्या आत जाऊ द्या. नोटीस गेली म्हणून तडजोडीचं दार बंद होत नाही. नोटीस गेली नाही तर मात्र कायद्याचं दार बंद होतं.

तरीही ३० दिवस हातचे गेलेच, तर एक उपाय उरतो. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेपर्यंत तो पुन्हा बँकेत भरता येतो. पुन्हा परत आला की नवा मेमो मिळतो आणि नोटिशीचे ३० दिवस नव्याने सुरू होतात. एकदा नोटीस देऊन फिर्याद केली नाही तर त्या चेकवर पुन्हा काही करता येत नाही, असं १९९८च्या एका निकालामुळे मानलं जायचं. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ते मत रद्द केलं. वरच्या उदाहरणातला चेक जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा भरता येईल. त्यानंतर मात्र तो नुसता पुराव्याचा कागद.

नोटिशीत काय हवं? चेकचा नंबर, तारीख, रक्कम आणि बँक. चेक कशापोटी दिला होता. तो कधी आणि कोणत्या कारणाने परत आला. आणि ‘ही रक्कम १५ दिवसांत द्या’ अशी स्पष्ट मागणी. रकमेचा आकडा चेकवरच्या रकमेइतकाच हवा. व्याज, नोटिशीचा खर्च, नुकसानभरपाई मागायची असेल तर वेगळी मांडा. चेकची रक्कम तिच्यात मिसळून एकच गोळाबेरीज करू नका. २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात चेक एक कोटीचा होता आणि नोटिशीत दोन कोटी मागितले होते. टंकलेखनाची चूक झाली, हा खुलासा न्यायालयाने मानला नाही आणि फिर्याद टिकली नाही. एवढ्या रकमेचा खटला एका आकड्यावर गेला. म्हणून वकिलाने मसुदा पाठवला की चेक शेजारी ठेवून आकडा अन् आकडा स्वतः ताडून पाहा. हे काम वकिलावर सोडण्यासारखं नाही.

नोटीस पोस्टानेच पाठवा आणि पावती जपा. २०२५मध्ये पोस्टाची जुनी रजिस्टर सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, त्यामुळे आता पोच असलेलं स्पीड पोस्ट. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप जोडीला असू द्या, पण त्यांच्यावरच विसंबू नका. पत्ता पूर्ण आणि बरोबर हवा. दुकान, घर, कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय असे जितके ठाऊक असतील तितक्या पत्त्यांवर पाठवा. पाकीट ‘घर बंद’, ‘स्वीकारण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलं तर घाबरू नका आणि ते फोडू नका. पत्ता बरोबर असेल तर नोटीस पोचली असंच कायदा गृहीत धरतो. २००७च्या एका महत्त्वाच्या निकालात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटलं की नोटीस मिळालीच नाही असं ज्याचं म्हणणं असेल, त्याने कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावेत. ते न करता नुसती ‘नोटीस मिळाली नाही’ ही तक्रार तो पुढे करू शकत नाही.

कंपनी किंवा पेढीचा चेक असेल तर फिर्यादीत आणखी दक्षता लागते. आरोपींमध्ये कंपनीचं नाव आधी हवं, मग तिचा कारभार पाहणाऱ्या संचालकांची. नुसत्या संचालकावर फिर्याद करून कंपनीला वगळलं तर फिर्याद टिकत नाही, हे २०१२पासून पक्कं झालं आहे. उलट कंपनीच्या कागदावर ज्यांची नावं आहेत त्या साऱ्या संचालकांना सरसकट गोवणंही चुकीचं. चेक दिला त्या काळात कोण प्रत्यक्ष कारभार पाहत होतं ते फिर्यादीत लिहावं लागतं. घरगुती व्यवहारातही हाच नियम. खातं नवरा-बायकोचं असलं तरी चेकवर ज्याची सही त्याच्यावरच खटला. दुसऱ्याचं नाव खात्यात आहे एवढ्याने तो आरोपी होत नाही.

फिर्याद कुठल्या कोर्टात करायची, या प्रश्नाने देशभरातल्या लाखो लोकांना पंधरा-सोळा वर्षं हेलपाटे घालायला लावले. १९९९च्या एका निकालानुसार चेक लिहिला, भरला, परत आला, नोटीस पाठवली आणि पैसे दिले नाहीत, यातली कुठलीही एक गोष्ट जिथे घडली तिथे फिर्याद चालायची. त्याचा गैरफायदाही घेतला गेला. कर्जदार एका राज्यातला आणि नोटीस दुसऱ्या टोकाच्या शहरातून, म्हणजे त्याला तारखांसाठी शेकडो मैल जावं लागे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ‘दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने काटा पार दुसऱ्या टोकाला गेला: चेक देणाऱ्याची बँक जिथे, तिथेच खटला. आता ज्याचे पैसे बुडाले त्यानेच परगावी धावायचं. आधीच दाखल झालेल्या असंख्य फिर्यादी परत घ्याव्या लागल्या, दुसऱ्या गावच्या कोर्टात नव्याने न्याव्या लागल्या. व्यापारी आणि बँकांनी आवाज उठवला आणि २०१५मध्ये संसदेने कायदाच बदलला. आज चेक तुमच्या खात्यात भरला असेल, तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे त्या शाखेच्या हद्दीतलं कोर्ट. निफाडच्या शेतकऱ्याचं खातं निफाडच्या शाखेत असेल तर व्यापारी दिल्लीचा असो की चेन्नईचा, त्याला निफाडला यावं लागेल. मला हा बदल या कायद्यातल्या सर्वांत न्याय्य बदलांपैकी एक वाटतो. चेक काउंटरवर देऊन पैसे मागितले असतील तर मात्र चेक देणाऱ्याच्या शाखेचं कोर्ट लागतं.

कोर्टात पाऊल टाकल्यावर कायदा फिर्यादीच्या बाजूने एक मोठी गोष्ट गृहीत धरतो. चेकवरची सही आरोपीची आहे एवढं सिद्ध झालं किंवा त्याने कबूल केलं की कलम १३९ प्रमाणे तो चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता असं मानलं जातं. तसं नव्हतं हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. २०१०च्या रंगप्पा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की देणं खरोखर अस्तित्वात होतं, हेही या गृहीतकात येतं. ‘मी कोरा चेक सही करून दिला होता, रक्कम त्याने भरली’ हा सर्वांत नेहमीचा बचाव. २०१९च्या निकालानुसार सही केलेला कोरा चेक स्वखुशीने दिला असेल तर त्यालाही हे गृहीतक लागू होतं. कोऱ्या चेकवर सही करून देणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य दोनदा वाचावं. पतसंस्थेत, फायनान्स कंपनीत, ओळखीच्या सावकाराकडे आपण सहज सह्या करून चेकबुकातली पानं देतो, आणि ती पानं कोणत्या दिवशी कोणता आकडा घेऊन बँकेत जातील हे आपल्या हातात राहत नाही.

पण गृहीतक म्हणजे निकाल नव्हे. आरोपीला साक्षीदार आणावेच लागतात असं नाही; फिर्यादीच्या उलटतपासातूनही तो शंका उभी करू शकतो. पाच लाख रोख दिले म्हणता, ते कुठून आणले? बँकेतून काढले तर उतारा कुठे? आयकर विवरणात दाखवलेत का? हे प्रश्न येणारच. हातउसने दिलेल्या रकमेचा एक साधा कागद, बँकेतून पैसे काढल्याची नोंद, मेसेजमधलं “पुढच्या महिन्यात देतो” असं एखादं वाक्य, मालाचं बिल, वजनपावती, हे सगळं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये हवं. मूळ देण्याला तीन वर्षांहून अधिक काळ लोटून ते मुदतबाह्य झालं असेल, चेक देणगी म्हणून दिलेला असेल, किंवा माल पोचलाच नाही आणि ऑर्डर रद्द झाली असेल, तर बचावाला बळ मिळतं. महाराष्ट्रात विनापरवाना सावकारीचा मुद्दाही हमखास निघतो. चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली गेली असेल तर ती चेकवर नोंदवून उरलेल्या रकमेपुरताच चेक भरावा लागतो. पूर्ण रकमेचा भरला तर फिर्याद पडते, असं २०२२मध्ये ठरलं. प्रामाणिक फिर्यादीही इथे फसतात, कारण मधल्या काळात मिळालेले पन्नास हजार त्यांना हिशेबात धरावेसे वाटत नाहीत.

गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणाचा निकाल सप्टेंबर २०२५मध्ये लागला. मित्राला दिलेल्या सहा लाखांचा चेक परत आला होता. आरोपीचं म्हणणं असं की मित्राला बँकेकडून कर्ज मिळावं म्हणून मी त्याला सही केलेला कोरा चेक दिला होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याला दोषी धरलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सोडलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव न पटण्याजोगा म्हणून पुन्हा दोषी ठरवलं. वीस हजारांहून अधिक रक्कम रोखीने उसनी देणं आयकर कायद्याच्या विरुद्ध आहे, म्हणून ते देणं कायदेशीर नाही, असा युक्तिवाद अनेक आरोपी करत. त्याचा दंड आयकर खातं काय तो लावेल, पण तेवढ्याने देणं बुडत नाही, हेही याच निकालात स्पष्ट झालं. गावोगावी रोखीतच हातउसने चालतात; त्या माणसांना या निकालाने मोठा आधार दिला आहे.

आता कटू भाग. हे खटले सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असं कायद्याच्या कलम १४३मध्ये लिहिलं आहे. फिर्यादीचा पुरावा शपथपत्रावर घेता येतो, बँकेचा मेमो पुरावा म्हणून पुरतो, समन्स स्पीड पोस्टाने पाठवता येतं, एवढी सारी सोय आहे. आणि तरी ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशातल्या २ कोटी ३१ लाख प्रलंबित फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाख १६ हजार खटले एकट्या कलम १३८चे होते. अडतं ते मुख्यतः एका जागी: आरोपी कोर्टात येतच नाही. समन्स निघतं, ‘पत्त्यावर आढळला नाही’ म्हणून परत येतं, पुन्हा निघतं, मग वॉरंट, आणि तेही पोलीस ठाण्याच्या टेबलावर पडून राहतं. २०२२मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत निवृत्त न्यायाधीशांची खास न्यायालयं प्रायोगिक तत्त्वावर सुरू करण्याचा आदेश झाला. गोव्याच्या ज्या निकालाचा वर उल्लेख केला त्यातच समन्स फिर्यादीने स्वतःही बजावावं, आरोपीला ऑनलाइन पैसे भरून मोकळं होण्याची सोय द्यावी, असे निर्देश आहेत. फिर्यादीच्या हाती आहे ते एवढंच की आरोपीचे सगळे पत्ते, फोन, ईमेल पहिल्याच दिवशी कोर्टाला द्यावेत आणि एकही तारीख चुकवू नये. आपणच गैरहजर राहिलो तर फिर्याद काढून टाकली जाऊ शकते.

वाट पाहणाऱ्याला मधल्या काळात काही मिळावं म्हणून १ सप्टेंबर २०१८पासून कलम १४३अ आलं. आरोपीने गुन्हा नाकारल्यावर कोर्ट त्याला चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई ६० दिवसांत द्यायला सांगू शकतं. ती हक्काने मिळत नाही. प्रकरणात प्रथमदर्शनी दम आहे का ते पाहून न्यायाधीश ठरवतात, आणि आरोपी सुटला तर ती व्याजासह परत करावी लागते. तरीही अर्ज जरूर करा. दोषी ठरल्यावर आरोपी अपिलात गेला तर दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला लावण्याची तरतूदही तेव्हाच झाली.

तडजोड मात्र कोणत्याही टप्प्यावर होऊ शकते, आणि लवकर झालेली बरी. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उशिरा तडजोड करणाऱ्या आरोपीवर रकमेच्या १० ते २० टक्के खर्चाचा बोजा ठेवला होता. २०२५मध्ये तो कमी केला: बचावाचा पुरावा सुरू होण्याआधी समेट झाला तर काही नाही, त्यानंतर निकालापर्यंत ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात साडेसात आणि सर्वोच्च न्यायालयात १० टक्के. लोकअदालतीत केलेल्या समेटाचा फायदा असा की तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो. पण हप्त्यांचे नवे चेक घेऊन जुना खटला घाईने मागे घेऊ नका. नवे चेकही परत आले तर त्यांच्यावर नवी फिर्याद करता येते, पण तीच रक्कम दोन्हीकडे मागता येत नाही. शक्य असेल तर शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्यावरच फिर्याद मागे घ्यावी, आणि तसं समेटाच्या कागदावर लिहून घ्यावं.

ज्याच्या हाती नोटीस पडली आहे त्यालाही दोन शब्द. नोटीस न घेण्याने काही टळत नाही. देणं खरं असेल तर १५ दिवसांत पैसे जमवण्यासाठी धडपडा, कारण त्यानंतर खर्च, वकील आणि तारखा वाढतच जातात. देणं खोटं असेल, चेक चोरीला गेला असेल किंवा रक्कम फेडली असेल, तर त्याच १५ दिवसांत वकिलामार्फत सविस्तर उत्तर पाठवा. जो बचाव नोटिशीच्या उत्तरात नव्हता आणि दोन वर्षांनी उलटतपासात उगवला, त्याच्यावर न्यायाधीशांचा विश्वास सहसा बसत नाही. हप्त्याचा चेक नसून बँक खात्यातून आपोआप रक्कम वळती व्हायची असेल आणि ती पैशांअभावी परत गेली, तरी सुटका नाही. त्यासाठी २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यातलं कलम २५ अशीच शिक्षा सांगतं.

फौजदारी फिर्याद चालू असताना दिवाणी दावाही लावता येतो. एकाने दुसऱ्याला बाध येत नाही. चेकच्या आधारे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी दावा करता येतो. त्यात प्रतिवादीला बचाव करण्यासाठी आधी कोर्टाची परवानगी मिळवावी लागते, म्हणून तो नेहमीच्या दाव्यापेक्षा लवकर निकाली निघू शकतो. त्याची मुदत साधारण तीन वर्षं आहे, आणि १३८चा खटला चालू आहे म्हणून ती थांबत नाही. हे अनेकांना तीन वर्षं उलटल्यावर कळतं. आरोपी मधेच वारला तर फौजदारी खटला तिथेच संपतो, पण दिवाणी दावा त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेविरुद्ध, वारसांना पक्षकार करून, पुढे चालतो. रक्कम मोठी असेल तर फिर्यादीची तयारी करतानाच वकिलाला विचारा की दिवाणी दाव्याची शेवटची तारीख कोणती, आणि ती मेमोच्या तारखेशेजारी लिहून ठेवा.